मौन ही संमती नव्हे : बॉयकिन खटल्याची गोष्ट

१/ ‘मौनं संमतिलक्षणम्’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु बोलणारा गप्प असेल आणि त्या मौनाची किंमत त्याचा प्राण असेल, तर? १९६९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

२/ १९६६ चा वसंत ऋतू. अलाबामा राज्यातील मोबील शहरात पंधरवड्याच्या आत रात्री उघड्या असणाऱ्या दुकानांवर सशस्त्र दरोडे पडले. एका ठिकाणी जमिनीवरून उसळलेली गोळी एका ग्राहकाच्या पायाला लागली. जीव मात्र कोणाचाही गेला नाही.

३/ एडवर्ड बॉयकिन या २७ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणावर पाच आरोप ठेवण्यात आले. तो निर्धन होता, म्हणून न्यायालयाने त्याला वकील दिला. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी त्याने पाचही गुन्हे कबूल केले.

४/ न्यायाधीशांनी त्याला काहीही विचारल्याची नोंद नाही. कबुलीचा अर्थ त्याला कळला होता का, ती कोणाच्या दबावाखाली दिली होती का, हे कागदावर कोठेच नाही. शिक्षा ठरवण्यासाठी प्रकरण ज्युरीपुढे गेले. पाच गुन्हे, पाच मृत्युदंड.

५/ अपिलात दरोड्यासाठी मृत्युदंड देणे हे क्रौर्य आहे, असा मुद्दा मांडला गेला. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मात्र बचावाने न मांडलेला कबुलीचा प्रश्न तेथील काही न्यायाधीशांनी स्वतःहून उपस्थित केला आणि सातपैकी तिघांनी भिन्नमत नोंदवले.

६/ तोच धागा पुढे निर्णायक ठरला. २ जून १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकाल लिहिला. कबुली देणारा तीन हक्क सोडतो : स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा, ज्युरीपुढे खटला चालवण्याचा आणि साक्षीदारांना समोरासमोर तपासण्याचा. कोऱ्या नोंदीवरून हा त्याग गृहीत धरता येत नाही.

७/ भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती हार्लन यांचा आक्षेपही विचार करण्याजोगा आहे. कबुली दबावाखाली दिली, असे खुद्द बॉयकिनने कधी म्हटलेच नव्हते. परंतु बहुमताचा रोख वेगळा होता. सिद्ध करण्याचा भार आरोपीच्या माथी नव्हे, नोंद ठेवणाऱ्या न्यायालयावर आहे.

८/ आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७५ सर्वसाधारणपणे सांगत असे, की गुन्हा कबूल करून दोषी ठरलेल्यास केवळ शिक्षेचे प्रमाण वा वैधता याविरुद्ध अपील करता येईल. तरीही १९८० साली कासमभाई खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सौम्य शिक्षेच्या आमिषाने मिळवलेल्या कबुलीवरील दोषसिद्धी रद्द केली.

९/ बॉयकिन निर्दोष होता, असे त्या निकालाने म्हटले नाही. त्याने एवढेच सांगितले, की ‘मी गुन्हा केला’ हे शब्द ऐकल्यावर न्यायाधीशाचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. आज अमेरिकेतील न्यायाधीश कबुली स्वीकारण्यापूर्वी आरोपीला एकेक प्रश्न विचारतात आणि त्याची उत्तरे नोंदवून घेतात. त्या प्रश्नांमागे मोबीलच्या न्यायालयातील ती न विचारलेली विचारणा आहे.