दिनविशेष : १९ डिसेंबर

भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात १९ डिसेंबर या तारखेला दुहेरी महत्त्व आहे. १९२७ साली या दिवशी काकोरी कटातील तीन क्रांतिकारकांना उत्तर प्रदेशातील तीन वेगवेगळ्या तुरुंगांत फाशी देण्यात आली. त्यानंतर ३४ वर्षांनी, १९६१ साली याच दिवशी गोवा, दमण व दीव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. स्वातंत्र्याचा लढा १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. देशाच्या काही भागांसाठी मात्र तो आणखी चौदा वर्षे सुरूच होता, याचे स्मरण ही तारीख करून देते.

काकोरीचे हुतात्मे (१९२७)

९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळील काकोरी येथे हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी रेल्वेगाडी थांबवून सरकारी खजिना हस्तगत केला. सशस्त्र लढ्यासाठी निधी उभारणे हा त्यामागील उद्देश होता. या वेळी झालेल्या गोळीबारात एका प्रवाशाचा मृत्यू झाला. सरकारने देशभर धरपकड केली आणि लखनौ येथे खटला चालविला. क्रांतिकारकांच्या बचावासाठी गोविंद वल्लभ पंत व चंद्रभानू गुप्त यांच्यासारखे वकील उभे राहिले. फाशीची शिक्षा कमी व्हावी यासाठी पंडित मदनमोहन मालवीय यांनीही प्रयत्न केले. तथापि, सरकारने दयेचे सर्व अर्ज फेटाळले.

राजेंद्रनाथ लाहिरी यांना १७ डिसेंबर रोजी गोंडा येथे फाशी देण्यात आली. त्यानंतर दोन दिवसांनी, १९ डिसेंबर रोजी रामप्रसाद बिस्मिल यांना गोरखपूर येथे, अशफाकउल्ला खान यांना फैजाबाद येथे, तर ठाकूर रोशनसिंह यांना अलाहाबाद (आताचे प्रयागराज) येथे फासावर चढविण्यात आले. तिघेही शाहजहानपूर जिल्ह्याचे सुपुत्र होते. रोशनसिंह यांचा काकोरीच्या प्रत्यक्ष घटनेत सहभाग नव्हता, असे इतिहासाचे अनेक अभ्यासक मानतात. आर्यसमाजी विचारांचे बिस्मिल आणि धर्मनिष्ठ मुसलमान अशफाकउल्ला यांची मैत्री हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक म्हणून आजही सांगितली जाते. बिस्मिल यांनी गोरखपूरच्या कोठडीत लिहिलेले आत्मचरित्र हिंदी साहित्यात महत्त्वाचे मानले जाते.

महाराष्ट्राशीही या खटल्याचा संबंध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे रामकृष्ण खत्री यांना याच खटल्यात दहा वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा झाली होती. पोलिसांच्या हाती न लागलेले चंद्रशेखर आझाद यांनी पुढे भगतसिंग आदी सहकाऱ्यांसह संघटनेची नव्याने बांधणी केली.

गोवामुक्ती (१९६१)

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकले. इंग्रज भारत सोडून गेल्यानंतरही आपल्या वसाहती सोडण्यास पोर्तुगालचे हुकूमशहा अंतोनियो सालाझार तयार नव्हते. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे, अशी त्यांची भूमिका होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडून नागरी हक्कांच्या चळवळीला चालना दिली. १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा व नगर हवेली मुक्त केले. या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके यांचाही सहभाग होता. १९५५ साली सेनापती बापट, ना. ग. गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी सत्याग्रहींच्या तुकड्यांसह गोव्याची सीमा ओलांडली. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यात देशाच्या विविध प्रांतांतून आलेल्या अनेकांना प्राण गमवावे लागले.

याच काळात लढ्याला आकाशमार्गेही बळ मिळाले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी १९५५ पासून पश्चिम घाटातील जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून प्रसारित होणाऱ्या या बातम्यांमुळे वृत्तपत्रांवरील कडक नियंत्रणातही गोमंतकीयांपर्यंत खरी माहिती पोहोचत राहिली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

राजनैतिक प्रयत्न निष्फळ ठरल्यावर १७ व १८ डिसेंबर १९६१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन विजय’ सुरू केले. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या नेतृत्वाखाली १७ वी पायदळ डिव्हिजन पूर्वेकडून, तर ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात शिरली. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उद्ध्वस्त केले होते. तरीही पॅराशूट ब्रिगेडचे जवान १९ डिसेंबरच्या सकाळी पणजीत दाखल झाले. अंजदीव बेटावर उतरताना नौदलाच्या सात जणांना वीरमरण आले. अग्वाद किल्ल्यातील राजबंद्यांची सुटका करण्यासाठी गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांनाही याच मोहिमेत हौतात्म्य लाभले.

अखेरच्या सैनिकापर्यंत लढावे, असा सालाझार यांचा आदेश होता. मात्र गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी निरर्थक रक्तपात टाळण्याचा निर्णय घेतला. १९ डिसेंबर रोजी रात्री वास्को येथे मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात त्यांनी शरणागती पत्करली. गुप्त केंद्र चालविणाऱ्या वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याची वार्ता जनतेला दिली. आदेश मोडल्याबद्दल व्हासालो ई सिल्वा यांना मायदेशी लष्करातून काढून टाकण्यात आले. १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळल्यानंतरच त्यांना त्यांचा दर्जा परत मिळाला.

मुक्तीनंतर

गोवा मुक्त झाले, तरी मुक्तीसाठी लढलेले सर्वजण मुक्त झाले नव्हते. मूळचे सांगलीचे असलेले मोहन रानडे यांना १९५५ मध्ये अटक झाली होती आणि पुढे पोर्तुगालमधील तुरुंगात ठेवण्यात आले होते. मुक्तीनंतरही ते सात वर्षांहून अधिक काळ तेथेच बंदिवान राहिले. त्यांच्या सुटकेसाठी तामिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे यांची सुटका झाली. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.

१६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन न होता स्वतंत्र अस्तित्व राखण्याच्या बाजूने कौल दिला. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. दमण व दीव केंद्रशासित प्रदेश राहिले आणि २०२० मध्ये ते दादरा व नगर हवेलीशी जोडण्यात आले. गोव्यात १९ डिसेंबर हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा होतो.

अन्य घटना

१९४६ : हनोई येथे फ्रेंच सैन्य व व्हिएतनामी स्वातंत्र्यसैनिक यांच्यात युद्धाला तोंड फुटले.

१९७२ : चंद्रावर मानवाला नेणाऱ्या अपोलो मालिकेतील अखेरचे यान, अपोलो १७, पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले.

१९८४ : हाँगकाँग चीनला परत करण्याच्या संयुक्त जाहीरनाम्यावर ब्रिटन व चीन यांनी बीजिंग येथे स्वाक्षऱ्या केल्या.

२०१६ : चेन्नई कसोटीत इंग्लंडविरुद्ध भारताने ७ बाद ७५९ धावांवर डाव घोषित केला. करुण नायर यांनी नाबाद ३०३ धावा केल्या.

२०२० : ॲडलेड कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. ही भारताची कसोटीतील नीचांकी धावसंख्या ठरली. ती मालिका मात्र भारताने २-१ अशी जिंकली.

जन्म

१८५२ : प्रकाशाच्या वेगाचे अचूक मापन करणारे नोबेल पारितोषिक विजेते अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन.

१९३४ : भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभा पाटील, जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे.

स्मृतिदिन

१९८८ : ज्ञानपीठ पुरस्काराने सन्मानित गुजराती कवी उमाशंकर जोशी.