कोरियन 'द आयल' पाहताय? आधी हे वाचा : पडद्यावरचं खोटं काय, खरं काय?

बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने जायला साधारण दीड तास लागतो. किम की-डुक या दिग्दर्शकाचा 'द आयल' (२०००) हा कोरियन सिनेमाही जवळपास तेवढाच. 'जगातले सर्वात भयंकर सिनेमे' छापाच्या रील्समध्ये त्याचं नाव हमखास असतं. पण तो लोकलमध्ये, त्यातही दरवाज्यात उभं राहून अजिबात पाहू नका. का, ते पुढे येईलच.

गोष्ट काय आहे?

एक शांत जलाशय. बारवी धरणाचं पाणी पावसानंतर कसं दिसतं ते आठवा, त्यावर तरंगत्या रंगीत खोल्या ठेवा. लोक तिथे मासे धरायला येऊन राहतात. एक अबोल बाई होडीतून त्यांना सामान पोचवते. खून करून पळालेला एक माणूस तिथे लपायला येतो आणि या दोघांचं एक विचित्र, हिंसक नातं जुळतं. (पुढच्या वाक्यात एका प्रसंगाचा उल्लेख आहे, नको असल्यास पुढच्या भागाकडे वळा.) पोलीस आल्यावर तो माणूस मासेमारीचे गळ गिळतो.

२००० साली व्हेनिसच्या महोत्सवात हा सिनेमा दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना उलट्या झाल्याच्या, भोवळ आल्याच्या बातम्या जगभर गेल्या.

भोवळ खरंच येते का?

येते. रक्त किंवा जखम पाहिल्यावर काही लोकांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब अचानक खाली येतात, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस कोसळतो. हा भित्रेपणा नाही, शरीराची प्रतिक्रिया आहे. घाम फुटला, कानात गुणगुण सुरू झाली, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर सिनेमा बंद करा आणि आडवे व्हा, पाय थोडे उंचावर ठेवा. आडवं होता येत नसेल तर खाली बसा. मांड्या आणि हातांचे स्नायू घट्ट आवळून धरल्यानेही रक्तदाब सावरायला मदत होते. लोकलच्या दरवाज्यात यातलं काहीच जमणार नाही.

मग खरं काय?

गळ गिळण्याचा प्रसंग खोटा आहे. ते अभिनेत्याचं आणि मेकअपचं काम. पण याच सिनेमात एका जिवंत माशाच्या अंगाचं मांस कापून त्याला परत पाण्यात सोडलं जातं. तो मासा खरा आहे. गंमत अशी की, 'बघवत नाही' म्हणणारे बहुतेक जण गळांबद्दल बोलतात, माशाबद्दल नाही. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने मात्र कात्री लावली ती प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या दृश्यांना. किम यांचं म्हणणं, चित्रीकरणातले मासे आम्ही शिजवून खाल्ले. माशाच्या यातनेला हे काही उत्तर नाही. अर्थात, सुकटीचा वास आला की भूक लागणाऱ्या आपल्यासारख्यांनीही जरा जपूनच बोललेलं बरं.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. किम यांचा 'मोबियस' (२०१३) हा संवाद नसलेला सिनेमा. कोरियाच्या प्रमाणन मंडळाने त्याला आधी असा दर्जा दिला, की तो तिथल्या नेहमीच्या थिएटरांत लागूच शकत नव्हता. काटछाट केल्यावर तो प्रदर्शित झाला. त्याच वर्षी किम केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला तिरुवनंतपुरमला आले, तेव्हा त्यांना पाहायला मोठी गर्दी लोटली होती. पुढे २०१७ मध्ये 'मोबियस'मधून बाहेर पडलेल्या एका अभिनेत्रीने त्यांच्यावर मारहाणीची आणि जबरदस्तीची तक्रार केली. मारहाणीबद्दल त्यांना ५० लाख वॉनचा दंड झाला. २०१८ मध्ये इतर स्त्रियांनीही लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, ते त्यांनी नाकारले. डिसेंबर २०२० मध्ये लॅटव्हियात कोविडने त्यांचं निधन झालं.

म्हणून आमचं मत : पडद्यावर रक्त किती, यापेक्षा ते दृश्य घेताना कुणाला खरोखर इजा झाली का, हे आधी विचारावं.

आपल्याकडे हे कसं पाहायला मिळतं?

महोत्सवांना केंद्र सरकारकडून सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते, त्यामुळे तिथे असे सिनेमे विनाकात्री दिसू शकतात. ओटीटीला २०२१ च्या नियमांनुसार वयोगट आणि आशयाची सूचना द्यावी लागते. रील्सवर मात्र यातलं काहीच नसतं. मागचापुढचा संदर्भ कापलेलं तीस सेकंदांचं दृश्य थेट समोर येतं, मग फोन बापाच्या हातात असो की सातवीतल्या मुलाच्या.

रक्तपात आपल्याला नवा नाही. आपल्या गावाच्या नावावर 'बदला'ची कोटी करणारा श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' (२०१५) 'ए' प्रमाणपत्राचाच होता. फरक असा, की सूडकथेत हिंसेला कारण असतं आणि शेवटी हिशेबही लागतो. 'द आयल' कारण सांगत बसत नाही, म्हणून तो जास्त वेळ डोक्यात राहतो.

किम यांची ओळख करून घ्यायचीच असेल, तर सुरुवात 'स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग' (२००३) पासून करा. त्यातही तळं आहे, मधोमध तरंगता बौद्ध मठ आहे. तिथला लहान मुलगा मासा, बेडूक आणि सापाला दोऱ्याने दगड बांधून हसतो. सकाळी उठतो, तेव्हा गुरूने त्याच्याच पाठीला दगड बांधलेला असतो.