त्रिरश्मि डोंगरावरील लेणीं व ‘पांडव’ हें नांव

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा मार्गाला लागून जो डोंगर आहे, त्याच्या कड्यांत चोवीस लेणीं ओळीनें खोदलेलीं आहेत. पंचवटींतील काळाराम व सीतागुंफा पाहून यात्रेकरू इकडे येतो, तेव्हां ‘पांडवलेणीं’ हें नांव ऐकून त्यास कांहीं नवल वाटत नाहीं. जेथें रामानें वनवास केला तेथें पांडवांनींही केला असेल, असें समजून तो हीं हिंदु देवालयें म्हणून पाहतो व परत जातो. परंतु भिंतींवरील लेखांत या स्थळीं पांडव राहिल्याचा उल्लेख कोठेंही नाहीं. लेख या डोंगरास ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मि म्हणतात, आणि लेणीं भिक्षुसंघास राहण्यासाठीं दिलेलीं आहेत. एवढें सांगितलें म्हणजे विषय संपला, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें येथून तो सुरू होतो.

प्रथम दहाव्या लेण्यांतील उषवदाताचा लेख पाहावा. हा दीनीकाचा पुत्र व क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई. त्यानें त्रिरश्मि डोंगरांत हें लेणें व त्यालगत पाण्याचीं टांकीं केलीं. परंतु तें सांगण्यापूर्वीं आपल्या ज्या पुण्यकृत्यांची तो यादी देतो, त्यांत तीन लक्ष गाईंचें दान, देवब्राह्मणांस सोळा गांवें, वर्षभर एक लक्ष ब्राह्मणांस भोजन, आणि प्रभासतीर्थीं ब्राह्मणांस आठ भार्या, अशीं कृत्यें आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें त्यानें धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व डाहाणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. शूर्पारकाच्या रामतीर्थाचें नांवही या लेखांत येतें. हा सारा मजकूर बौद्ध भिक्षूंच्या निवासाच्या ओसरींत कोरलेला आहे, व तो तेथें विजोड आहे असें दात्यास किंवा भिक्षूंस वाटलेलें दिसत नाहीं. ‘हें लेणें कोणत्या धर्माचें?’ हा प्रश्न आज आपण ज्या आवेशानें विचारतों, त्या आवेशानें तो त्या काळीं कोणी विचारीत असेल काय, याचा वाचकांनींच विचार करावा.

भिक्षूंच्या अन्नाची सोय कशी केली तेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. वाराहीपुत्र अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणापासून त्याचें वडिलार्जित शेत उषवदातानें 4000 कार्षापणांस विकत घेतलें व तें लेण्यास लावून दिलें. वस्त्राची व्यवस्था निराळी. संवत् 42 मध्यें त्यानें 3000 कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज मात्र भोगावयाचें. पैकीं 2000 दरमहा शेंकडा एक या दरानें, व 1000 शेंकडा पाऊण या दरानें. पहिल्या रकमेचें व्याज वर्षाला 240 होतें. आणि लेखांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा वस्त्रासाठीं द्यावे असें आहे. हिशेब बिनचूक जुळतो. हा व्यवहार निगमसभेंत ऐकविला गेला व दप्तरीं नोंदला गेला, असेंही तोच लेख सांगतो. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या नाशकांतील कोष्टी ठेवी स्वीकारीत व नगराच्या सभेसमोर त्याचा दाखला होई, ही माहिती कोणत्याही पुराणांत नाहीं. ती या दगडावर आहे.

नहपानाची सत्ता गौतमीपुत्र सातकर्णीनें मोडली. सन 1906 मध्यें नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं बहुतेकांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला आहे. लेण्याच्या लेखांत क्षहरात वंशाच्या उच्छेदाचें जें वर्णन आहे, त्यास याहून सबळ पुरावा मिळणें कठीण. तिसऱ्या लेण्यांतील त्याची आज्ञा तर सरकारी पत्रव्यवहाराचा नमुनाच होय. अठराव्या वर्षीं त्यानें गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्यास लिहून उषवदाताच्या ताब्यांत असलेलें 200 निवर्तनें शेत त्रिरश्मीवरील तपस्व्यांस दिलें. चोविसाव्या वर्षीं पुन्हां आज्ञा झाली, ती अशी कीं, तें शेत नांगरलें जात नाहीं, गांवांत वस्ती नाहीं, सबब नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतांतून 100 निवर्तनें द्यावीं. दान दिलें पण ओसाड गांवीं दिलें, आणि सहा वर्षांनीं तें सुधारलें!

याच लेण्यांत गौतमी बलश्रीचा, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा प्रसिद्ध लेख आहे. वृद्ध राजमाता दिवंगत पुत्राचा पराक्रम वर्णन करतांना त्याला राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांची उपमा देते. पांडवांचें नांव या डोंगरावर आलें तें एवढ्यापुरतें, आणि लेणें भदायनीय भिक्षूंस देतांना. प्रचलित नांव या उपमेवरून पडलें असें मात्र कोणीं समजूं नये. लिपि विसरली गेल्यावर असल्या प्रचंड कामाचे कर्ते पांडवच असले पाहिजेत, अशी समजूत महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं झालेली आहे. तसेंच येथें झालें.

पुढील काळांत डोंगरावर हिंदूंचा हात फिरला याची साक्षही दहाव्या लेण्यांतच आहे. मागील भिंतीवर स्तूपाची जी आकृति उठावांत होती, ती तासून तिचा भैरव करण्यांत आला. अकराव्या लेण्यांत जैन मूर्ति आहेत. कांहीं अभ्यासक या फेरफारांकडे विटंबना म्हणून पाहतात. स्तूप गेला ही हानि खरीच. परंतु भैरव हाही आतां इतिहासाचाच एक कागद आहे, व पहिलें पान मिळविण्याच्या लोभानें दुसरें फाडणें शहाणपणाचें नव्हे. ज्यांस याच जिल्ह्यांत मुळापासून ब्राह्मणी पद्धतीचें लेणें पाहावयाचें असेल, त्यांनीं मनमाडजवळच्या अंकाई किल्ल्यावर जावें. तेथील काम अपुरें राहिलें आहे, पण त्यामुळेंच तें कारागिरांनीं कसें हातीं घेतलें हें शिकण्यास सोपें पडतें.

जतनाविषयीं दोन शब्द. हे लेख वाचण्याचे श्रम स्टीव्हन्सन, भाऊ दाजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी व सेनार यांनीं घेतले. पैकीं भगवानलालांचें काम 1883 च्या नाशिक ग्याझेटियरांत आहे. लेणीं संरक्षित असून 1958 च्या कायद्यांत 2010 मध्यें केलेल्या दुरुस्तीनें संरक्षित जागेच्या सीमेपासून 100 मीटरांत नवें बांधकाम करण्यास मनाई आहे. कायदा डोंगराभोंवतालची जमीन राखील; अक्षरें राखणें पाहणाऱ्याच्या हातीं आहे. बलश्रीचा व उषवदाताचा असे दोन्ही लेख ओसरीच्या भिंतींवर, माणसाचा हात व पावसाळी हवा पोहोंचेल अशा जागीं आहेत. ज्याला तीं अक्षरें म्हणजे पांडवांच्या घरावरील निरर्थक ओरखडे वाटतात, तो त्यांशेजारीं स्वतःचें नांव कोरण्यास कचरत नाहीं. यासाठीं निदान या दोन लेखांचें आणि कोष्ट्यांच्या ठेवीच्या लेखाचें सुबोध मराठी भाषांतर प्रत्येक ओसरीपाशीं, भिंतीस न टेकतां, उभें करावें, व त्यांत अश्विभूतीच्या शेताची किंमत अवश्य द्यावी.