पडीक ठरवलेलं कुरण

कच्छमधले पशुपालक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, आपल्याकडे ती ‘वेडी बाभूळ’, दिल्लीकडे ‘विलायती कीकर’. नावं वेगळी असली तरी तक्रार एकच आहे: हे झाड इथलं नाही आणि कुणाचं ऐकत नाही. नाव ठेवण्याच्या भरात आपण एक गोष्ट मात्र विसरतो. ही बाभूळ वाऱ्यावर उडून आलेली नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे झाड १८७७ च्या सुमारास ब्रिटिश वनाधिकाऱ्यांनी बी मागवून सिंधमध्ये आणि दक्षिणेत कडप्पा भागात लावलं. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने त्याला ‘शाही झाड’ हा मान दिला. स्वातंत्र्यानंतर सरकारी वनखात्यांनी तोच कित्ता गिरवला. म्हणून वेड्या बाभळीचा इतिहास म्हणजे एका झाडाच्या आक्रमणाची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. महसुली दप्तरातल्या ‘पडीक’ या शब्दाची ती गोष्ट आहे. तो शब्द जोवर बदलत नाही, तोवर कितीही झाडं उपटली तरी काम पुरं होणार नाही.

सारा देणारी ती जमीन आणि न देणारी ती पडीक, अशी वाटणी इंग्रजी राजवटीने केली. मराठीत माळ, बरड, कुरण, गायरान असे वेगवेगळे शब्द होते आणि त्या प्रत्येकाचा उपयोग गावाला ठाऊक होता. नव्या खात्यात या सगळ्यांची रवानगी एकाच रकान्यात झाली. जी जमीन वनखात्याकडे गेली तिचं मोल झाडांवरून ठरू लागलं, आणि गवत म्हणजे झाडं नसलेली जागा, असा समज पक्का झाला. या समजाची सर्वात मोठी किंमत मोजली ती कच्छच्या बन्नीने. भुजच्या उत्तरेला, मोठ्या रणाच्या काठावर सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा हा गवताळ प्रदेश आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या नद्यांनी खाऱ्या जमिनीवर गाळाचा थर पसरवला आणि त्यावर गवत वाढलं. इथले पशुपालक म्हणजे मालधारी. ‘माल’ म्हणजे गुरंढोरं. ती राखणारे ते मालधारी. कच्छच्या महारावांच्या काळात बन्नीत नांगर लागत नसे, ती चराईसाठी राखलेली होती आणि मालधारी चराईचा कर भरत. म्हणजे ही जमीन बेवारस नव्हती. तिला धनी होता, नियम होते आणि उत्पन्नही होतं. १९५५ मध्ये तिला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला. वन म्हटलं की झाडं हवीत, आणि इथे तर क्षितिजापर्यंत गवतच! रण पुढे सरकत आहे, खारेपणा वाढतो आहे, या काळजीपोटी १९६१ मध्ये वनखात्याने सुमारे ३१,५५० हेक्टरांवर वेडी बाभूळ लावली.

पुढे काय झालं ते या झाडाच्या शेंगेत दिसतं. शेंग पिवळसर, गराने भरलेली आणि चवीला गोड. दुष्काळात गुरं ती अधाशासारखी खातात. गर पचतो, पण टणक कवचातलं बी पोटातून धडधाकट बाहेर पडतं. शेणाच्या ओल्या पोवात त्याला खतही मिळतं आणि गारवाही. पाऊस पडला की त्या पोवातून रोपांचा झुबका उगवतो. गुरं जिथे जातील तिथे बाभूळ गेली. कांकरेज गाईंना या शेंगा बाधू लागल्या, म्हशींना त्या मानाने कमी. बन्नीतले कळप गाईंकडून म्हशींकडे वळले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक होतं. बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, पण या म्हशी ज्या गवतावर घडल्या ते मात्र काट्याखाली आक्रसत चाललं होतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. या बाभळीने गरिबाची चूल पेटती ठेवली, कोळसा पाडून शेकडो घरांना रोख पैसा दिला; मग ती शत्रू कशी? २००४ मध्ये सरकारने कोळशाला परवानगी दिली आणि बन्नीत भट्ट्या धुमसू लागल्या. काही वर्षांत परवानगी मागे घेतली गेली. हा पैसा खरा होता, त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण कोळशासाठी झाड जमिनीलगत तोडलं जातं, आणि तोडलेल्या बुंध्यातून एकाच्या जागी दहा फुटवे फुटतात. नुसत्या तोडीने बाभूळ संपत नाही, उलट दाट होते. ती मुळाच्या गाठीसकट खणून काढावी लागते. मग त्या पावसाळ्यात गवत बी धरेपर्यंत जनावरं बाहेर ठेवावी लागतात आणि शेणातून उगवलेली रोपं वर्षानुवर्षं उपटत राहावं लागतं. मोकळ्या केलेल्या तुकड्यांवर गवत परतताना दिसलं आहे, कारण त्याचं बी मातीत टिकून होतं. पण इतकी राखण ठेकेदार करणार नाही, आणि बदलीवर आलेला अधिकारीही नाही. ती रोज त्या वाटेने जाणाऱ्या माणसाकडूनच होईल. म्हणून ‘बन्नी को बन्नी रहने दो’ ही मालधाऱ्यांची मागणी मला भावनेची वाटत नाही, व्यवस्थापनाचा तोच पहिला नियम वाटतो. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली त्यांनी सामूहिक हक्क मागितले आहेत.

झाड नसतं तर रण पुढे आलं असतं, हा दुसरा युक्तिवाद मला पटत नाही. गोडं पाणी आणि गाळ आणणाऱ्या नद्यांवर धरणं झाली, मीठ धुऊन नेणारं पाणी घटलं. रोग पाण्याचा होता आणि उपाय झाडाचा झाला. झाडं कार्बन साठवतात, हे खरं. पण गवताळ प्रदेश तो मुळांतून जमिनीत साठवतात, आणि मोजणारा वर बघत असेल तर त्याला तो दिसत नाही.

हे कच्छपुरतं नाही. महाराष्ट्रात १९७९ मध्ये नान्नज परिसरात माळढोकसाठी अभयारण्य झालं. माळढोक हा नावाप्रमाणे माळाचा पक्षी, त्याला उघडं रान लागतं. तरी माळ दिसला की खड्डे खणायची आपली सवय सुटलेली नाही. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतली उंदीरमारी, म्हणजेच गिरिपुष्प, हिरवाईच्या हौसेने लावली गेली. आज तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही. घाणेरीची कथाही अशीच: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून तिला कलकत्त्याला आणलं, आज ती देशभरच्या जंगलांत पसरली आहे.

येत्या जूनमध्ये कुठल्याही माळावर वृक्षारोपणाचा पहिला खड्डा खणण्याआधी तिथे मेंढरं चारणाऱ्या धनगराला विचारा, इथे पवन्याचं गवत उगवतं का, मारवेल उगवतं का, कुसळी येते का. त्याने होय म्हटलं, तर रोपं परत न्या.