दोन ठिपके

आमच्या टोलेडोत (ओहायो) शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात. त्यांचा १९७१ सालचा शेवरोले सी-१० पिकअप आहे, लांब हौद्याचा. नातवाला चालता करून द्यायचा, नाहीतर भंगारात, असं त्यांनी जाहीर केलं होतं. ताशी पन्नास मैलांच्या पुढे गेलं की बुडाखालून गुरगुर यायची. आजोबांना आता गाडीखाली झोपवत नाही, म्हणून एका शनिवारी मी झोपलो.

गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट या गाडीत दोन तुकड्यांचा असतो. आपल्याकडच्या ट्रकखालीही तुम्ही तो पाहिला असेल, मधे टांगलेल्या बेअरिंगसकट. एकच लांब का नाही? लांब नळी वेगात फिरली की मधे फुगायला लागते, उड्या मारायच्या दोरीसारखी. लांबी निम्मी केली की हा धोक्याचा वेग साधारण चौपट वर जातो. म्हणून तुकडे दोन आणि सांधे तीन.

या सांध्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. युरोपात त्याला इटलीच्या कार्डानोचं (१५०१–१५७६) नाव चिकटलं. पण तो फिरताना नेमकं काय करतो, हे १६७०च्या दशकात लंडनच्या रॉबर्ट हूकनं मांडलं. हो, तोच आपल्या शाळेतला, स्प्रिंगच्या नियमाचा. वाकलेल्या सांध्यात एक बाजू एकसारख्या वेगानं फिरवली तरी दुसरी एका फेऱ्यात दोनदा घाई करते, दोनदा रेंगाळते. सूर्यघड्याळाच्या आडव्या तबकडीवर सावली अशीच कमीजास्त वेगानं सरकते, आणि दोन्हींचं गणित एकच, हेही हूकनं ओळखलं होतं.

गाड्यांसाठी हा सांधा बाजारात आणला तो क्लॅरेन्स स्पायसरनं. तेव्हा बऱ्याच गाड्यांची चाकं सायकलसारखी साखळीनं फिरत. कॉर्नेल विद्यापीठात शिकताना त्यानं पर्याय शोधला, १९०३ साली पेटंट मिळवलं आणि १९०४ साली न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डमध्ये उत्पादन सुरू केलं. १९१४ साली चार्ल्स डाना नावाचा वकील कंपनीत आला. १९४६ साली कंपनीला त्याचं नाव मिळालं. तोवर ती आमच्या टोलेडोचीच झाली होती. (पुणेकरांनो, औंधच्या कॉलेजचा स्पायसर वेगळा, तो मिशनरी!)

असो. चाकांना ठोकळे लावले, गाडी स्टँडवर घेतली. मागचे बोल्ट काढले, क्रॉसच्या वाट्यांना टेप गुंडाळली, नाहीतर आतल्या सुईएवढ्या रोलरांचा पाऊस पडतो. मागचा तुकडा खाचांमधून सर्रकन ओढून बाहेर काढला.

"खूण केलीस ना?" आजोबांनी विचारलं.

केली नव्हती. पण इंजिनिअरच ना मी! म्हटलं, दोन्ही टोकांचे यॉक एका रेषेत बसवायचे की झालं, एकाची घाई दुसरा खोडून काढतो.

"दोन सांध्यांत. इथे तीन आहेत."

मी गप्प. बरोबर होतं त्यांचं. तीन सांधे, तिघांचे कोन वेगळे. त्यामुळे कुठे यॉक रेषेत, तर कुठे नव्वद अंशांत फिरवलेले. आणि खाचा अशा, की शाफ्ट चुकीच्या जागीही निमूट बसतो. मग कितीही नवं बेअरिंग घाला, गुरगुर तशीच. नातवाची गाडी माझ्या शहाणपणापायी भंगारात निघाली होती.

आजोबांनी चिंधी आणि रॉकेल पुढे केलं. "पूस."

पन्नास वर्षांचं ग्रीस निघालं. खाली एका तुकड्यावर पंचाचा बारीक ठिपका. दुसऱ्यावरही तसाच. कधीतरी कुणीतरी हा शाफ्ट काढला होता आणि काढण्याआधी पुढच्या माणसाचा विचार केला होता.

मधल्या बेअरिंगचं रबर पार विरलं होतं, ते बदललं. ठिपक्यासमोर ठिपका आणून शाफ्ट बसवला. साठ मैलांवर गाडी शांत! नातू पुढच्या रविवारी घेऊन गेला.

हूक, स्पायसर, डाना यांची नावं पुस्तकांत सापडतात. त्या मेकॅनिकचं नाव कुठेच नाही. शाफ्ट चढवण्याआधी मी त्याच्या दोन ठिपक्यांवरून पिवळ्या रंगाची एक जाड रेघ ओढली, एवढंच.