टेपरेकॉर्डर बंद पडलाय? सुटे भाग शोधण्याआधी हे वाचा

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या अनेक घरांत माळ्यावर एखादा टेपरेकॉर्डर पडलेला असतो. सोबत डब्यात कॅसेटी असतात. कुणात बहिणीच्या निकाहचा खुत्बा, कुणात नानांची तिलावत, कुणात अब्बांनी सौदीहून पाठवलेला खुशालीचा निरोप. मशीन चालत नाही म्हणून आपण ते भंगारात देतो आणि मग कॅसेटीही जातात. खरं तर बिघाड बहुतेक वेळा एका छोट्या रबरी बेल्टचा असतो. म्हणून ही माहिती.

आधी बिघाड ओळखा

मोटरचा आवाज येतो पण कॅसेट फिरत नाही, तर बेल्ट सैल झाला किंवा वितळला असे समजावे. आवाज डुगडुगतो किंवा टेप गुंडाळली जाते, तर बेल्टसोबत पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून धरणारे रबरी चाकही तपासावे. आवाज दबका येत असेल तर आधी हेड साफ करा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसायचे. घरघर येत असेल तर कपॅसिटर बघावा लागतो. मशीन उघडण्यापूर्वी प्लग काढायलाच हवा. वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ भार राहतो.

माप बरोबर घ्या

जुना बेल्ट ताणलेला असतो, त्याचे माप फसवते. बेल्ट ज्या चाकांवरून जातो त्यांभोवती दोरा फिरवा, लांबी मोजा आणि त्यातून साधारण 5 टक्के कमी करा. दोरा 200 मिलिमीटर भरला तर सुमारे 190 मिलिमीटर घेराचा बेल्ट हवा, म्हणजे व्यास जवळपास 60 मिलिमीटर. बेल्ट चपटा आहे की चौकोनी, हेही दुकानदाराला सांगा. मोटर घेताना व्होल्ट, फेऱ्यांचा वेग आणि फिरण्याची दिशा, तिन्ही जुळायला हवे. कपॅसिटरचा मायक्रोफॅरॅड आकडा तोच ठेवा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील.

कुठे शोधायचे?

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. पिंपरीहून मेट्रोने मंडई स्थानकावर उतरून चालत जाता येते. चाकणवाल्यांनी नाशिक फाट्यावरचे मेट्रो स्थानक गाठावे. जुना सुटा भाग हवा असेल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार पाहा. तेच मॉडेल बंद अवस्थेत मिळाले तरी त्यातले हेड, मोटर, बटणे कामी येतात. तिथेही नाही मिळाले तर मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहे.

आणि आपल्या पट्ट्याची खरी ताकद विसरू नका. गाड्यांच्या कारखान्यांसाठी रबर आणि लेथची कामे करणारे छोटे वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत भरपूर आहेत. पिंच रोलर बाजारात मिळत नसेल तर जुन्या धातूच्या बुशवर नवे रबर चढवून ते मापात घासून देणारा कारागीर तिथे शोधता येतो. नमुना सोबत न्या, व्यास तंतोतंत तोच हवा. तिथे मिळणारी ओ-रिंग काउंटरसारख्या हलक्या कामाला चालते. मुख्य चपट्या बेल्टच्या जागी मात्र ती घालू नये, वेग बिघडतो.

कॅसेट लावण्यापूर्वी

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा घरची मोलाची कॅसेट लावू नका. एखादी बिनकामाची कॅसेट लावून बघा, टेप गुंडाळली तरी चालेल अशी. मोलाच्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे आधीच तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी आवाज पुसला जात नाही.

मग मशीनची लाइन-आउट किंवा हेडफोनची पिन कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यात आवाज साठवा. हेडफोनची पिन वापरत असाल तर आवाज कमी ठेवून सुरुवात करावी. एक प्रत घरी, दुसरी भावाबहिणीकडे ठेवली तर उत्तम.

बेल्ट आज नाही तर उद्या मिळेल, नाहीतर बनवून घेता येईल. नानांचा आवाज पुन्हा बनवता येणार नाही. म्हणून मशीन दुरुस्त होवो न होवो, कॅसेटी भंगारात देऊ नका.