आनंदीबाईंच्या फिलाडेल्फियात एक दिवस

फिलाडेल्फियाची आपल्या मंडळींची सहल ठरलेली असते. लिबर्टी बेल, १७७६ चा जाहीरनामा जेथे संमत झाला तो इंडिपेंडन्स हॉल, मुलांसाठी प्रेट्झेल आणि अंधार पडायच्या आत परत. पाहुणे आले की पुन्हा तेच! या खेपेस घरच्यांना इतर कामे होती, म्हणून आम्ही एकटेच मेट्रोपार्कहून गाडीत बसलो, ट्रेंटनला गाडी बदलली आणि घंटेकडे न जाता डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या कॉलेजचा परिसर गाठला.

मेट्रोपार्कच्या जवळच रोझेल गाव आहे. तेथील सौ. कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहताना एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशांचे पत्र वाचले आणि आपण होऊन मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, पती बरोबर नाही. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले होते, आणि पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. गंमत अशी की त्याच जानेवारीत एडिसनने रोझेलच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लावले होते.

आज आपण फिलाडेल्फियाला उतरतो ते थर्टिएथ स्ट्रीट स्टेशन १९३३ चे. आनंदीबाईंच्या वेळी सिटी हॉलचे बांधकामच चालू होते. ते १८७१ ला सुरू झाले आणि १९०१ ला संपले. (कंत्राटदार सगळीकडे सारखेच!) तेथून ब्रॉड स्ट्रीटच्या भुयारी गाडीने गिरार्ड स्थानक आणि मग पश्चिमेकडे पायी. गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत दिसली की नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आलाच. एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज होते. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था १९३० मध्ये ईस्ट फॉल्सला हलली आणि पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झाली.

कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली. आणि मंडळी, या बाई रसायनशास्त्राच्या प्राध्यापक! प्रीस्टलीने ऑक्सिजन शोधला त्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा १८७४ मध्ये त्याच्या नॉर्थम्बरलँडच्या समाधीपाशी रसायनज्ञांनी जमावे ही सूचना त्यांची. त्या मेळाव्यातूनच १८७६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली. आम्ही रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, पण हे नाव आम्हाला कोणत्याही वर्गात ऐकायला मिळाले नाही. आनंदीबाईंना प्रवेश आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली ती याच बाईंच्या पुढाकाराने.

कॉलेजमधले १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आपली मुले शाळेत डब्यातली पोळी लपवतात, त्यांना हे छायाचित्र अवश्य दाखवावे. मात्र त्यासाठी आनंदीबाईंनी मोजलेली किंमतही सांगावी. थंडी, शाकाहारी जेवणाची आबाळ आणि अभ्यास यांनी प्रकृती ढासळत गेली. नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, पण धर्म बदलला नाही. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. मिळवली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रीविभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. ती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पहिली डॉक्टर त्या की कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. आम्हाला मात्र कोल्हापूरची ती रिकामी खुर्ची जास्त छळते.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या रूरल सिमेट्रीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरलेल्या आहेत आणि वर त्यांच्या नावाचा दगड आहे. ग्रँड सेंट्रलहून हडसनच्या काठाने गाडी थेट पोकिप्सीला जाते. साधारण दोन तास लागतात. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसावे, नदी दिसते.